न्यू ऑर्लिन्सला चाललोय, पण राहायचं कुठल्या गल्लीत?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही नागपूरचे. बायकोला न्यू ऑर्लिन्सच्या युनिव्हर्सिटी मेडिकल सेंटरमध्ये फेलोशिप मिळालीय, १ जुलैला जॉइन व्हायचंय. मी घरूनच काम करतो, मुलगी सहा वर्षांची, आणि आई दिवाळीनंतर सहा महिने येऊन राहणार. गाडी सुरुवातीला एकच, आणि बायकोला तिकडच्या ड्रायव्हिंगची भीती वाटते. आता जो तो वेगळं सांगतोय. एक मित्र म्हणतो फ्रेंच क्वार्टरमध्येच राहा, नाहीतर त्या शहरात जाऊन काय उपयोग. दुसरा म्हणतो डोळे मिटून मेटरी, इंडियन लोक तिकडेच राहतात. ह्यूस्टनचा मावसभाऊ म्हणतो जाऊच नका, ते शहर दर दोन वर्षांनी बुडतं. गरमीचं आम्हाला काही वाटत नाही, ४५ डिग्री बघितलीय. पण इथे बसून फोटो बघितले की सगळीच घरं छान दिसतात, एरिया ठरवायचा कसा?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: गरमीचं आधी मिटवून टाकते, कारण नागपूरकरांचा हा आत्मविश्वास मी आधीही बघितलाय. आकडा ३३-३४ च्या पुढे फारसा जात नाही हे खरं, पण तुमची गरमी कोरडी आणि इथली ओली. मुंबईचा ऑक्टोबर आठवा, तो मे ते सप्टेंबर असा ताणा, आणि मग त्यात रोज दुपारी चार वाजता एक सर टाका. कूलर इथे शून्य कामाचा, हवेतच इतकं पाणी की कूलर अजून काय घालणार. म्हणून घर बघताना घरमालकाला एकच गोष्ट विचारा, मागच्या ऑगस्टचं लाइट बिल किती आलं होतं. जुन्या लाकडी घरांची छतं बारा-बारा फूट उंच, दिसायला सुंदर, आणि फटीफटीतून थंड हवा बाहेर. बिल ऐकलं की फोटोतल्या त्या उंच छताकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

आता एरिया. तुमच्या तिन्ही सल्लागारांचं थोडं थोडं बरोबर आहे पण तिघांनीही मूळ गोष्ट सांगितली नाही. या शहरात एरिया म्हणजे जमिनीची उंची. बाकी सगळं, भाडं, झाडं, घराचं वय, कुठे कोण राहतं, हे त्या उंचीवरून आलंय.

कसं ते सांगते. मिसिसिपी इथे अर्धचंद्रासारखी वळते, आणि शेकडो वर्षांच्या पुरांनी काठावर गाळ टाकून टाकून नदीलगतची जमीन उंच झाली. म्हणजे आपल्याकडे नदीजवळ जाऊ तसं उतार लागतो, इथे उलटं, नदीकडे चढ आणि नदीपासून लांब खोलगट. १७१८ मध्ये फ्रेंचांनी गाव वसवलं ते त्या उंचवट्यावर, तेच आजचं फ्रेंच क्वार्टर. पुढची दीड-दोनशे वर्षं लोक त्या काठाकाठानेच पसरले, कारण मागे सगळी दलदल होती. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठाले पंप आले, १९१० च्या दशकात ते स्क्रूवाले पंप बसले, दलदल उपसून प्लॉट पाडले, लोक खुश. फक्त झालं काय की ती माती म्हणजे भिजलेला स्पंज, वाळली तशी खचली, आणि नव्या वस्त्या समुद्रसपाटीच्या खाली गेल्या. आज शहराचा जवळजवळ अर्धा भाग असा आहे. तिथे पडलेला पाऊस आपणहून कुठेही जात नाही, पंप करून बाहेर काढावा लागतो, मुख्यतः उत्तरेच्या पॉन्टचार्ट्रेन तलावात.

त्यामुळे माझा आडाखा सोपा आहे. ज्या गल्लीत घरं १९०० च्या आधीची, ती गल्ली बहुतेक उंचावर. ज्या गल्लीत घरं १९५० ची, बुटकी, जमिनीला टेकलेली, तिथे दहा प्रश्न विचारायचे. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना चक्रीवादळ आलं, कालव्यांच्या भिंती फुटल्या, शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, आणि जो कोरडा राहिला तो जवळपास तोच नदीकाठचा जुना पट्टा. लोक त्याला ‘स्लिव्हर बाय द रिव्हर’ म्हणतात, नदीकाठची कपची.

मावसभावाला सांगा, दर दोन वर्षांनी बुडत नाही. कॅटरिनानंतर साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून नव्या भिंती, दरवाजे, पंप उभे केले, आणि २०२१ मध्ये बरोबर त्याच तारखेला, २९ ऑगस्टला, आयडा वादळ आलं तेव्हा त्या भिंती टिकल्या. लाइट मात्र अख्ख्या शहराची गेली, काहींकडे आठ-दहा दिवस नव्हती, आणि आता परत त्या दमट हवेचा विचार करा. आणि हो, मावसभावाशी भांडू नका. १ जून ते ३० नोव्हेंबर वादळांचा सीझन असतो, कधीतरी शहर सोडून त्याच्याच घरी जाऊन राहावं लागेल, साडेपाच तासांचा रस्ता त्या दिवशी बारा तासांचा होतो.

रोजचा त्रास वादळाचा नाही, साध्या पावसाचा आहे. माझं पहिलं घर मिड-सिटीत होतं. घरमालक म्हणाला होता, इथे कधी पाणी भरत नाही. २०१७ च्या ऑगस्टमधला शनिवार, दुपारी आभाळ काळं झालं आणि समोरचे आजोबा चपला घालून बाहेर आले, गाडी काढली आणि रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर, गवतावर, नेऊन उभी केली. मग त्यांच्या शेजारच्यांनी. मग सगळ्या गल्लीने. मला वाटलं इथे काही कार्यक्रम आहे की काय. मी खिडकीतून चहा पीत बघत होते, आणि तासाभराने माझी गाडी दारांपर्यंत पाण्यात. नंतर कळलं की त्या दिवशी बरेच पंप बंदच होते. घरात पाणी आलं नाही कारण घर विटांच्या खांबांवर तीन फूट उचललेलं होतं, म्हणजे घरमालक खोटं नव्हता बोलला, त्याने फक्त गाडीचं सांगितलं नाही. तेव्हापासून मी घर बघायला गेले की घरमालकाशी कमी आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाशी जास्त बोलते, पाऊस आला की गाडी कुठे लावता, एवढंच विचारायचं. ‘कुठे म्हणजे, दारातच’ असं म्हणाले तर गल्ली चांगली.

त्या दुभाजकाला इथे ‘न्यूट्रल ग्राउंड’ म्हणतात. १८०३ मध्ये लुइझियाना अमेरिकेने विकत घेतलं, नवे अमेरिकन लोक कनाल स्ट्रीटच्या एका बाजूला राहायला आले आणि जुने फ्रेंच बोलणारे क्रिओल दुसऱ्या बाजूला, दोघांचं पटायचं नाही, मधली पट्टी ती तटस्थ. आता शहरातल्या सगळ्याच दुभाजकांना तेच नाव. दिशाही इथे पूर्व-पश्चिम कोणी सांगत नाही, नदी वळलीय ना, तर ‘तलावाकडे’, ‘नदीकडे’, ‘अपटाऊनकडे’, ‘डाउनटाऊनकडे’ असं सांगतात. घराच्या जाहिरातीत ‘रिव्हरसाइड ऑफ मॅगझिन’ वगैरे दिसलं तर ते सौंदर्यवर्णन नाही, तो पत्ता आहे, मॅगझिन स्ट्रीटची नदीकडची बाजू.

आता तुमचं घर. बायकोचं हॉस्पिटल कनाल स्ट्रीटवर, २०१५ ला उघडलेलं नवं कॉम्प्लेक्स, आणि लाल स्ट्रीटकार (म्हणजे ट्राम) त्याच रस्त्याने जाते, एसी आहे, तिकीट सव्वा डॉलर. त्यांना गाडी चालवायची भीती आहे तर या लाइनीवर राहणं हा सगळ्यात मोठा मुद्दा, मी बाकी सगळं त्याच्या खाली ठेवेन. मिड-सिटी म्हणजे माझाच तो एरिया, पण तो सगळा सारखा नाही. बायू सेंट जॉन नावाचा संथ पाण्याचा प्रवाह आहे, त्याच्या आणि एस्प्लनेड अॅव्हेन्यूच्या आजूबाजूला जुना उंचवटा आहे, गल्ल्या सावलीच्या, सिटी पार्क चालत, आणि तिकडूनही स्ट्रीटकारचा एक फाटा कनाल स्ट्रीटला येतो. मी तुमच्या जागी असते तर तिथे घर शोधलं असतं, खांबांवर उचललेलं किंवा वरचा मजला. नोव्हेंबर ते मे आईंना रोज संध्याकाळी पाण्याकाठी फिरता येईल, फक्त फुटपाथ बघून, ओकची मुळं फरशा उचलून टाकतात, मी तिथे दोनदा आपटलेय. एक त्रास सांगून ठेवते, एप्रिलच्या शेवटापासून दोन वीकेंड जवळच्या रेसकोर्सवर जॅझ फेस्ट असतो, तेव्हा पार्किंग विसरा.

घर कसं असेल ते पण ऐका, कारण आई येणार आहेत. इथली जुनी घरं ‘शॉटगन’ पद्धतीची, आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक खोली, पॅसेज नाहीच. पुढच्या खोलीतून किचनमध्ये जायचं तर दोन्ही बेडरूममधून जावं लागतं. पहाटे पाच वाजता चहा करायला उठणाऱ्या सासूबाई आणि नाइट ड्युटी करून झोपलेली सून, आणि मधल्या खोलीत मीटिंगवर तुम्ही. जाहिरातीत ‘साइड हॉल’ किंवा ‘कॅमलबॅक’ असेल तर बघा, साइड हॉलला बाजूने बोळ असतो आणि कॅमलबॅकला मागे वर एक मजला चढवलेला असतो. शॉटगनला नाही म्हणत नाही, मी चार वर्षं राहिलेय, पण मी एकटी होते.

फ्रेंच क्वार्टर. मित्राला म्हणावं तू ये राहायला. उंचावर आहे, कॅटरिनात बहुतेक कोरडं राहिलं, लोखंडी जाळीच्या गॅलऱ्या आहेत, सगळं आहे. पण बार रात्रभर, प्यायचे ग्लास हातात घेऊन रस्त्यावर फिरायला परवानगी, पार्किंगचे वांधे, आणि सहा वर्षांच्या मुलीसोबत खेळायला गल्लीत मूलच नाही. रविवारी सकाळी फिरायला जायची जागा ती.

मेटरी. हे शेजारच्या जेफरसन पॅरिशमध्ये येतं (इथे काउंटीला पॅरिश म्हणतात). पार्किंग आहे, इंडियन दुकानं त्या बाजूला आहेत, आणि एक खरा मुद्दा जो तुमच्या मित्राने सांगितला नसेल, शाळा. न्यू ऑर्लिन्स शहरात जवळजवळ सगळ्या सरकारी शाळा चार्टर आहेत (पैसा सरकारचा, चालवतात वेगळ्या संस्था), पत्त्यावरून शाळा ठरत नाही, एक कॉमन अर्ज भरून पसंतीक्रम द्यायचा, आणि मुख्य फेरी हिवाळ्यातच संपते. तुम्ही जूनमध्ये आलात की उरलेल्या जागा. कदाचित मुलीची शाळा घरापासून वीस मिनिटं लांब मिळेल आणि ती बस सकाळी सहाला येईल. जेफरसनमध्ये साधारणपणे पत्त्यावरून शाळा ठरते, जूनमध्ये आलात तरी. म्हणून आत्ताच, हे वाचून झाल्यावर, शहराच्या शाळांचा अर्ज उघडून बघा काय शिल्लक आहे, ते बघितल्याशिवाय घराच्या फोटोंवर वेळ घालवू नका. पण ‘मेटरी सेफ, तिथे पाणी नाही’ असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. जुन्या मेटरीचा एक उंचवटा सोडला तर तीही खालीच आहे. आणि गाडी लागतेच, बायको हायवेवर चालवायला शिकेपर्यंत रोज सकाळी तुम्ही ड्रायव्हर.

लेकव्ह्यूबद्दल कोणीतरी सांगेलच, नवी घरं, मुलं, बागा, सगळं खरं आहे. कालवा फुटल्यावर तिथे सगळ्यात वाईट पाणी भरलेल्या भागांपैकी तो एक, म्हणून नवी घरं उंच बांधलीत. घर उंच, गल्ली खाली. वर्षाच्या भाडेकरूला चालून जाईल.

सुरक्षिततेचं तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायला हवं होतं. इथे एरियाने काही कळत नाही, ब्लॉक बदलला की बदलतं. एक रांग रंगरंगोटी केलेली, पुढची अर्धी रिकामी. पहिला महिना फर्निश्ड जागा घ्या, आवडलेल्या गल्लीत रात्री आठ वाजता आणि रविवारी दुपारी जाऊन या, व्हिडिओ कॉलवर घर ठरवू नका. गाडीत साधी चार्जरची वायरसुद्धा दिसेल अशी ठेवायची नाही.

मार्डी ग्रा, म्हणजे इथला मोठा कार्निव्हल, त्याचं थोडक्यात. बहुतेक मोठ्या मिरवणुका नेपोलियन अॅव्हेन्यूकडून निघून सेंट चार्ल्सवरून कनाल स्ट्रीटला येतात, सेंट चार्ल्स आणि नदीच्या मधल्या लोकांना ‘बॉक्समध्ये’ राहणारे म्हणतात, मिरवणूक चालू असेपर्यंत गाडी बाहेर निघत नाही. मारबतीच्या दिवशी इतवारीत गाडी घालून बघा म्हणजे कळेल, फरक इतकाच की हे दोन आठवडे चालतं. मिड-सिटीतून एकच मोठी निघते, मार्डी ग्राच्या आधीच्या शनिवारी. ड्युटीवर जाणाऱ्या डॉक्टरसाठी हे कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायचं.

आणि भाड्याच्या घराच्या इन्शुरन्समध्ये पुराचं पाणी धरत नाहीत. सामानासाठी वेगळा पूर विमा मिळतो, पण सरकारी योजनेत घेतल्यापासून साधारण ३० दिवसांनी लागू होतो. म्हणजे जुलैत वादळ दिसायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, चावी हातात यायच्या महिनाभर आधी. पत्ता टाकला की फेमाच्या (आपत्ती बघणारं सरकारी खातं) नकाशावर पुराचा झोन दिसतो, ‘एक्स’ म्हणजे कमी धोक्याचा आला म्हणून निश्चिंत होऊ नका, २०१६ च्या नकाशात शहराचा निम्म्याहून जास्त भाग एक्समध्ये गेलाय आणि त्यातल्या कितीतरी गल्ल्यांत लोक अजूनही गाड्या दुभाजकावर चढवतात.

आईंना एक सांगा, सोमवारी इथे घरोघरी राजमा-भात असतो, खरंच, कपडे धुवायच्या दिवशी मंद आचेवर ठेवायची जुनी पद्धत. पण शाकाहारी असाल तर हॉटेलात विचारून खा, त्यात बहुतेक डुकराचं मांस असतं.

प्रश्न: माझी मुलगी टुलेन युनिव्हर्सिटीत पब्लिक हेल्थला चाललीय. अपटाऊन कॅम्पससमोर एक खोली मिळतेय, तीन मुलींमध्ये शेअरिंग. एरिया सगळे चांगलाच म्हणतात. अॅडव्हान्स भरू का?
– एक आई, ठाणे

उत्तर: ताई, थांबा जरा. एरिया छानच आहे, ऑडुबॉन पार्क समोर, नदीचा उंचवटा, हिरवी स्ट्रीटकार दारात. पण टुलेनचं पब्लिक हेल्थ त्या कॅम्पसमध्ये नाहीच, ते डाउनटाऊनला कनाल स्ट्रीटवर आहे! दरवर्षी दोन-तीन मुली हे इथे येऊन पोचल्यावर शोधून काढतात. सेंट चार्ल्सची स्ट्रीटकार १८३५ पासून चालू आहे आणि डबे १९२० च्या दशकातले, एसी नाही, खिडक्या उघड्या, ऑगस्टमध्ये त्यातून चाळीस-पन्नास मिनिटं रोज जायचं म्हणजे क्लासला पोचेपर्यंत मुलगी भिजलेली. हौस म्हणून मस्त, रोजची शिक्षा.

तिला लोअर गार्डन डिस्ट्रिक्टमध्ये किंवा वेअरहाऊस डिस्ट्रिक्टमध्ये शेअरिंग बघायला सांगा, दोन्ही उंचावरचे, अंतर कमी. भाडं थोडं जास्त पडेल. मॅरिनी आणि बायवॉटर तिला स्वतःला आवडतील, रंगीत घरं, गाणंबजावणं, दर दुसऱ्या दाराशी कोणीतरी ट्रंपेटचा रियाज करतोय, पण फ्रेंचमेन स्ट्रीटच्या (म्युझिक क्लबांचा रस्ता) जवळची खोली असेल तर परीक्षेच्या आठवड्यात तुम्हाला रात्री फोन येईल. भाडेकराराच्या वेळी क्रेडिट स्कोअर मागतील, तिचा नसणारच, अॅडमिशनचं पत्र आणि बँकेचं स्टेटमेंट दाखवून, कधी जास्त डिपॉझिट देऊन जमतं. मात्र कोणी म्हणालं की घर बघण्याआधीच ऑनलाइन पैसे पाठवा तर अजिबात नाही.

प्रश्न: भावाचा पगार चांगला आहे, न्यू ऑर्लिन्समध्ये घरांच्या किमती कॅलिफोर्नियाच्या मानाने खूप कमी दिसतात. भाडं भरण्यापेक्षा लगेच विकत घ्यावं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: पहिल्या वर्षी नको. किंमत कमी दिसते कारण उरलेली किंमत इन्शुरन्समध्ये आहे. घराचा, वादळाचा, पुराचा, तिन्हींचे कोट त्या नेमक्या पत्त्याचे मागवा आणि हप्त्यात मिळवून बघा, मग कॅलिफोर्नियाशी तुलना करा. विकणाऱ्याकडे एलिव्हेशन सर्टिफिकेट मागा, तळमजला किती फुटांवर आहे ते त्यात असतं.

दुसरं, वाळवी. फॉर्मोसन वाळवी, दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानाच्या लाकडातून आली आणि इथलीच झाली. घर लाकडाचं असलं की वाळवीचा वार्षिक कॉन्ट्रॅक्ट चालू आहे का ते कागदावर बघा. माझ्या पहिल्या मे महिन्यात, रात्री साडेआठला मी किचनमध्ये भाजी चिरत होते, आणि दिव्याभोवती पंखवाले किडे यायला लागले, पाच, पन्नास, मग मोजायची सोय राहिली नाही, ओट्यावर, केसात, चिरलेल्या भाजीत. बाहेर बघते तर रस्त्यावरच्या दिव्याभोवती धुकं पडल्यासारखं, आणि अख्ख्या गल्लीत एकही खिडकी उजेडात नाही, एकटी माझी सोडून. शेजारच्या बाईंनी अंधारातूनच ओरडून सांगितलं, लाइट बंद कर गं, अर्ध्या तासात जातात!